घडीतला डोंगर

मित्रांनो, मला हात लावायचा तर जरा हळू लावा. घडीचा नकाशा आहे मी, आणि आता जुना झालो आहे. घड्यांवर विरलोय, कोपऱ्यांना फाटलोय, आणि माणसांच्या बेतांनी तर पार थकलोय.

माझा जन्म छापखान्यात झाला. आधी हिरवा रंग चढला, मग निळा, शेवटी रस्त्यांचा लाल. तेव्हा मी मोठ्या टेबलावर सपाट पसरलो होतो. जंगल, डोंगर, नद्या, सगळं एका नजरेत दिसत होतं. तेवढं सुख पुन्हा फारसं लाभलं नाही. यंत्राने माझ्या घड्या घातल्या आणि एका घड्याळजीने मला दुकानातून घरी आणलं.

घड्याळजी माणूस वाईट नाही, फक्त त्याची नजर फार बारीक. डोळ्याला भिंग लावून तो माझ्यावरचं गाव न् गाव वाचायचा, पण मला पूर्ण कधी उघडायचा नाही. बेत ठरायचे त्याच्या कामाच्या टेबलावर, आणि तिथे केसाएवढे स्क्रू मांडलेले. कोणी मला उलगडायला गेलं की तो ओरडायचा, "फडफडवू नका! एक स्क्रू उडाला तर शोधत बसाल." त्यामुळे माझी मधली पट्टी कायम आत दुमडलेली.

बेत करणारे तिघे. घड्याळजीला जंगल हवं. बिबट्या दिसावा, निदान हरणं तरी. त्याच्या मेव्हण्याला द्राक्षमळे हवे. तो वाइनचा जाणकार. म्हणजे असं तो स्वतःच सांगायचा. आणि घड्याळजीची बायको रुग्णालयात परिचारिका. तिला मागावर बसून गाणी म्हणणाऱ्या विणकर बायकांचं गाव पाहायचं होतं. दरवर्षी बेत व्हायचा आणि दरवर्षी मोडायचा. कधी जंगल बंद, कधी द्राक्षं संपलेली, कधी दुकानात घड्याळांचा ढीग. पुरुषांचं त्यात फक्त बोलणं वाया जायचं. ती मात्र दर वेळी रजा मागायची आणि दर वेळी स्वतः जाऊन रद्द करून यायची. कोण काय मागतो यापेक्षा कोण काय परत करतो, यावरून मी माणूस ओळखतो.

यंदा तिने चहाचा कप माझ्यावरच टेकवला आणि म्हणाली, "हे शेवटचं. या वेळी नाही झालं, तर हा नकाशा मी भांड्यांच्या फळीवर अंथरीन आणि पुन्हा सुट्टीचं नाव काढणार नाही."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच मी घाबरलो.

घड्याळजीने लगेच भिंग लावलं. "अगं, सगळं तर जवळजवळच आहे! सकाळी जंगल, दुपारी मळे, संध्याकाळी तुझं विणकरांचं गाव. हा बघ रस्ता, सरळ!"

खरंच होतं ते. माझी पट्टी दुमडली की जंगलाकडचा लाल रस्ता मळ्यांकडच्या लाल रस्त्याला नेमका येऊन भिडायचा.

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "घड्याळं सोडा आणि हाच धंदा करा."

"आधी तू काहीतरी धर, मग मी सोडतो."

रजा मिळाली, गाडी ठरली. निघायच्या आदल्या दिवशी घड्याळजीच्या बायकोने माझ्या विरलेल्या घड्यांना मागून कापडाची पट्टी चिकटवायला घेतली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिने मला पलंगावर पूर्ण उघडलं. किती वर्षांनी माझी पाठ टेकली, मित्रांनो!

"अहो, जरा इकडे या. हा डोंगर कुठला?"

"कुठला डोंगर?"

"जंगल आणि मळ्यांच्या मधला. आडवा पसरलाय. नवीन तर नसेल?"

घड्याळजी आला आणि त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. जंगल पलंगाच्या पायथ्याशी होतं, मळे पार उशीपाशी. मेव्हण्याने वितीने मोजून पाहिलं. "सगळी सुट्टी घाटातच जाईल की हो."

"मग मळे सोडू."

"का? जंगल सोडा. बिबट्या काय तुमची वाट बघत बसलाय?"

"आणि तुझी बाटली बसलीय वाटतं!"

रजा रद्द करून आल्यावर तिचा जो चेहरा व्हायचा, तोच झाला. तिने माझी एक घडी घातली. दुसरी घालणार, एवढ्यात घड्याळजीने माझ्यावर हात ठेवला. भिंगाशिवाय त्याला बायकोचा चेहरा दिसला असावा.

"थांब. तू सांग, कुठे जायचं?"

तिने मला पुन्हा उघडलं. डोंगराच्या मधोमध, ऐन घडीवर, एक ठिपका होता. तिने त्यावर बोट ठेवलं. "इथे काय आहे?"

"नाव झिजलंय."

"मग तिथेच जाऊ आणि नाव विचारून येऊ."

"पण तिथे बघायला काय असणार, ताई?" मेव्हण्याने विचारलं.

"काही नसेना. तिथे मला कोणी हाक मारणार नाही, एवढं पुरे."

गेले. बिबट्या दिसला नाही. वळणावर एक साळिंदर आडवं गेलं, आणि घड्याळजी आजही येईल त्या गिऱ्हाईकाला ते सांगतो. उतरले होते त्या घरच्या बाईने परसातल्या द्राक्षांची वाइन पुढे केली. मेव्हण्याने डोळे मिटून घोट घेतला आणि ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

"कशी आहे रे?"

"प्रामाणिक आहे."

माग कुठेच नव्हता. शेजारची म्हातारी शेंगा सोलताना बेसूर गात होती. ते ऐकता ऐकता घड्याळजीची बायको उन्हातल्या खुर्चीत झोपून गेली. जेवणाची वेळ टळली, तरी कोणी उठवलं नाही. घड्याळजीने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

परत आल्यावर तिने माझ्या झिजलेल्या घडीवर, औषधाच्या बाटलीवर लिहावं तशा स्वच्छ अक्षरात, त्या गावाचं नाव लिहिलं. ते मी सांगणार नाही. मला उघडा आणि वाचा.

एवढीच विनंती आहे, मित्रांनो. बेत करायचा तर मला पूर्ण उघडा. टेबल लहान असेल तर पलंगावर उघडा, पलंगावर कपडे असतील तर ते बाजूला सारा. आणि नंतर घडी हळू घाला. मी दमलोय खरा, पण मला अजून फळीवर जायचं नाही. तिने पुन्हा रजा मागितली आहे.