लुंबिनीच्या वाटेवरचं पाणी

शेवंताबाईंनी तांब्या कलता केला आणि पाण्याची बारीक धार फुलपात्रात पडू लागली. समोर नवऱ्याचा, भीमसेनांचा फोटो, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. बोधाचार्य गाथा म्हणत होते. मुलगी उपासना आणि दीर यल्लाप्पा यांनी त्यांच्या मनगटाला बोटं लावली होती. फुलपात्र भरून पाणी परातीत सांडायला लागलं, तरी गाथा संपेपर्यंत धार तोडायची नसते. पाण्यानंच नेलेल्या माणसाला पुन्हा पाणीच द्यायचं, असं मनात आलं आणि शेवंताबाईंचा हात बाजूला गेला. धार परातीबाहेर गेली. उपासनानं तो हात धरून जागेवर आणला.

जलदान झालं. निपाणीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात माणूस मावत नव्हता. पोस्टमन म्हणून तीस वर्षं दारोदार फिरलेला माणूस, त्याच्या दारात गाव येणारच. चहा फिरला, पाणी फिरलं. पाणी उपासनानं उकळून, गाळून ठेवलेलं. बेळगावच्या एका दवाखान्यात ती लॅब टेक्निशियन होती आणि पाण्याच्या बाबतीत सख्ख्या बापाचंही ऐकत नसे.

दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ नागेंद्र बसला होता. चाळिशी उलटलेला, अंगानं आडवा, आज मात्र अंग चोरून बसलेला. दर हिवाळ्यात तो निपाणीहून बस काढायचा. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि सीमा ओलांडून नेपाळातली लुंबिनी. यंदा त्याच्या बसमध्ये भीमसेन आणि शेवंताबाई होते. दोघांचा जन्मातला पहिला परदेश. परतताना भीमसेनांना उलट्या-जुलाब सुरू झाले. नागेंद्रनं बस ड्रायव्हरच्या हवाली करून पुढं धाडली आणि स्वतः सीमेअलीकडच्या दवाखान्यात चार दिवस त्यांच्या उशाशी बसला. साखरेचा आजार, त्यात मूत्रपिंडं थांबली. पाचव्या दिवशी अग्नीही तिकडंच द्यावा लागला. अस्थींचा कलश मांडीवर धरून नागेंद्र शेवंताबाईंना घेऊन घरी आला होता.

त्याला कुणी चहा दिला नव्हता. पाण्याचा ट्रे दोनदा त्याच्यासमोरून गेला, पण थांबला नाही.

त्याचं कारण यल्लाप्पांच्या खिशात होतं. माणसं थोडी पांगल्यावर त्यांनी घडी केलेला कागद काढून वहिनींसमोर ठेवला.

"वैनी, हितं सही करा. कानडीत हाय, पर मजकूर मी सांगतो. नागेंद्रानं बसमधी खराब पाण्याच्या बाटल्या दिल्या, त्यानं आमचा माणूस गेला. बसमधल्या आणखी दोघांची पोटं बिघडलेली, त्यांची बी नावं घातल्यात."

"भावजी, आजच?"

"आज न्हाय तर कवा? पुढच्या महिन्यात ह्यो दुसरी बस काढायला निघालाय. तशी लोकांनी त्या बसमधली नावं मागं घेतल्यात म्हणा. पर कागद ठाण्यात गेला पायजे."

नागेंद्रला ऐकू जाईल अशाच आवाजात ते बोलत होते. त्यानं मान वर केली नाही.

शेवंताबाईंनी पेन हातात घेतलं. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, पण सही मात्र त्या झोकात करत. भीमसेनांनीच हात धरून शिकवली होती. आज पेन कागदावर टेकेना.

जाण्याच्या आदल्या दिवशी उपासनानं दोघांना समोर बसवून पढवलं होतं. परमुलखात बाटलीचं सील स्वतः तोडायचं, बर्फ नको, उसाचा रस नको, कापलेली फळं नकोत, चूळसुद्धा बाटलीच्या पाण्यानंच भरायची. अगदीच वेळ आली तर क्लोरीनची गोळी पाण्यात टाकून अर्धा तास थांबायचं. गोळ्यांची पट्टी तिनं बापाच्या सदऱ्याच्या खिशात घालून वर पिन लावली होती. भीमसेन हसून म्हणाले होते, "पोरी, ही पिन काय आता मेल्याबिगर निघत न्हाय." थट्टाच ती.

लुंबिनीहून निघाल्यावर चारेक मैलांवर टायर बसला होता. माणसं झाडाखाली पांगली. शेवंताबाई पाय मोकळे करायला एका घराकडं गेल्या, मागून भीमसेन. अंगणात हातपंप होता. एका बाईनं हसून खाट टाकली, दोघांना बसवलं, पितळी लोटा घासला, भरला आणि शेवंताबाईंच्या हातात दिला. कोण, कुठले, कुठल्या जातीचे, एका शब्दानं विचारलं नाही.

लहानपणी गावच्या विहिरीच्या पायरीवर कुणीतरी येऊन घागरीत वरून ओतेपर्यंत दुपार दुपार बसलेली पोर म्हणजे शेवंताबाईच. वखारीतसुद्धा पहिली काही वर्षं ती ओंजळीनंच पाणी प्याली होती, वरून सोडलेलं. त्या पोरीनं लोटा तोंडाला लावला आणि निम्मा रिकामा केला. मग त्या बाईनं तो परत घेतला आणि न विसळता उरलेलं पाणी ती स्वतः प्याली. तहान लागली होती म्हणून प्याली, एवढंच. शेवंताबाईंच्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या.

"प्या वो तुमी बी," बाईनं पुन्हा भरलेला लोटा पुढं करत त्या नवऱ्याला म्हणाल्या.

भीमसेनांचा हात खिशावरच्या पिनेकडं गेला.

"गोळी टाकून जरा थांबायचं काय?"

"तिच्या म्होरं? तिला काय वाटंल? आपल्या पाण्याला ज्यांनी जनमभर नाकं मुरडली, त्यांच्यावानी आपण बी करायचं?"

भीमसेनांनी बायकोकडं पाहिलं, पिनेवरचा हात काढला आणि ते सगळा लोटा प्याले. वर आणखी मागून घेतला. शेवंताबाईंना एक दिवस पोटात कळा आल्या आणि थांबल्या. भीमसेन गेले.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी पाऊल टाकलं त्या दिवशी त्या तोंड उघडणार, एवढ्यात उपासनाच भावकीसमोर म्हणाली होती, "बाटल्यांचं पाणी खराब असणार, दुसरं काय?" आणि शेवंताबाईंनी मान हलवली होती. तेवढी एक मान हलवली आणि बारा दिवसांत नागेंद्रची बस रिकामी झाली.

"वैनी?" यल्लाप्पांनी कागद पुढं सरकवला.

शेवंताबाईंनी पेन खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, हंड्यातून तांब्या काठोकाठ भरून घेतला आणि माणसांमधून वाट काढत दाराशी गेल्या.

"घे रं, पी. सकाळधरनं कुणी तुला पाणी बी इचारलं न्हाय."

नागेंद्रनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला.

"आक्का, सील बघून, मोजून बाटल्या देत हुतो मी."

"ठावं हाय मला." त्या वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "बाटलीचं न्हवंच ते. टायर बसला तवा एका बाईच्या घरी आमी पंपाचं पाणी प्यालो. ते गोळी काढत हुते, मीच काढू दिली न्हाय. मी मारलं माझ्या माणसाला. ह्यानं न्हाय."

यल्लाप्पा कागद उचलून त्या कागदाकडंच बघत बसले. शेवंताबाईंनी लेकीकडं पाहिलं. ती आता ओरडेल, रडेल, त्या पट्टीचं विचारेल, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. उपासना मात्र जागची हलली नाही.

"मला म्हाईत हाय, आई," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"आप्पांनी फोनवर पंपाच्या पाण्याचं सगळं सांगितलं हुतं. दवाखान्यातनं, दुसऱ्या दिवशी. म्हणाले, बाटलीचं पाणी बाधलं म्हण. पंपाचंच बाधलं हे तुझ्या आईला कळलं तर ती सोताला कवाच माफ करायची न्हाय." तिनं फोटोकडं पाहिलं. "तुला वाचवायला बोलले हुते मी. हे सगळं ठाण्यापातूर जाईल, असं वाटलं नव्हतं."

शेवंताबाईंनी पदर तोंडात धरला. गेलेला माणूस शेवटी शेवटी त्यांच्यासाठी खोटं बोलून गेला होता, आणि त्याची किंमत या दारातल्या माणसानं मोजली होती.

"पर कागद झाला, तवा तरी?" नागेंद्रनं विचारलं. तो उपासनाकडं पाहत होता. आवाज चढलेला नव्हता. "बारा दिवस मी तोंड लपवून फिरतोय. माझी पोरं साळंला जाईनात. तवा तरी सांगायचं हुतंस."



नागेंद्रनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, जपून, सांडू न देता. ढिगातनं आपल्या चपला शोधल्या, भीमसेनांच्या फोटोकडं बघून हात जोडले आणि पायऱ्या उतरून गेला.

शेवंताबाई खाली वाकल्या. तांब्यातलं पाणी घोटभरही कमी झालं नव्हतं.