सकाळी बांधलेला दोरा

सकाळी सातलाच बघ्यांमुळे मावशींच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मावशी शिवणकाम करायच्या. पण हल्ली सकाळी त्यांची बोटं सुजलेली असत, मूठ वळत नसे, कात्री उघडत नसे. गंडेदोरे करणारे दोरेबाबा रोज येऊन एकेका बोटाला काळा दोरा बांधून काहीतरी पुटपुटायचे. दुपारी सगळ्यांदेखत तेच दोरे, गाठ न सोडता, गळून पडायचे.

"पकड सुटली," बाबा सांगायचे. "तुमची थोरली बहीण आहे. याच दुखण्यानं गेली, आता तुम्हाला ओढतेय. तुमच्या त्या सलाइनमधूनच ती आत शिरते. सोमवारचं सलाइन चुकवा, मोकळ्या व्हाल."

मावशी मान डोलवायच्या. खरं तर त्याच सलाइनमधून मिळणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधानं त्यांच्या कॅन्सरची गाठ निम्मी झाली होती. पण पहाटे अंधारात कुणीतरी बोटं धरून ठेवतं, हे त्यांना रोज जाणवत होतं.

मुलांनो, मी त्यांच्या शेजारचा निवृत्त मास्तर. मी त्यांच्या नातीला एवढंच विचारलं, "आजीच्या बोटांचं माप घेतलंस कधी?"

"आजी गिऱ्हाइकांची मापं घेते. तिचं कोण घेणार?" म्हणत पोरीनं टेप उचलली.

तीन दिवस तिनं सकाळ-दुपार आकडे लिहिले. रविवारी बाबा येण्याआधीच आजीच्या बोटाला साधा दोरा बांधला. दुपारी बाबांच्या दोऱ्यांबरोबर तोही गळला.

"कोणता मंत्र म्हटलास गं?" कुणीतरी विचारलं.

"मंत्र येत नाही. तेराचा पाढा म्हटला."

मी म्हणालो, "हिचे आकडे बघा. बोटं सकाळी सुजतात, दुपारी सूज उतरते. एवढीच करामत. बाबा, आत्ता दुपारी बांधा आणि उद्या सकाळी गळू द्या."

"दुपारची वेळ शुद्ध नसते."

"भूत घड्याळ बघून येतं होय?" मागून एक म्हातारा बोलला. बाबांनी पिशवी आवरली.

सोमवारी मी मावशींबरोबर दवाखान्यात गेलो; डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली. "हे औषध शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करतं. ते कॅन्सरवर तुटून पडतात. कधी चुकून सांध्यांवरही. ही सूज सकाळी जास्त असते. यावर गोळ्या आहेत. पण सलाइन द्यायचं की थांबवायचं, ते आम्ही तपासून ठरवू. लगेच का नाही सांगितलंत?"

 परतताना मावशी हळूच म्हणाल्या, "म्हणजे ताई येत नव्हती, मास्तर?"

"नाही."

"मी पहाटे तिच्याशी बोलायचे हो."

 आज मुलांनो, तुम्हाला सांगतो: गेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटलं तर खुशाल बोला, रडा. पण आपलं दुखणं त्याच्या माथी मारू नका. ते डॉक्टरांना सांगा, आणि वेळेवर सांगा.