तक्ता सातमधली एकटी

सभागृहात एकतीस खुर्च्या होत्या, तेवीस पाहुणे यायचे होते आणि लांब टेबलावर अहवालाच्या सव्वीस प्रती होत्या. तेवीस पाहुण्यांच्या, एक मॅडमची, एक आपांची, एक माझी. प्रत्येक प्रत चौसष्ट पानांची. साडेनऊच्या आत मी त्या दोनदा मोजल्या. आकडा दोन्ही वेळा जुळला.

मी पदार्थविज्ञानाची. मुस्लिम कुटुंब कायद्यावरच्या या प्रकल्पाची मी समन्वयक झाले, कारण मॅडम कायद्याच्या प्राध्यापक आणि त्यांच्या मते कायदेवाल्यांना बेरीज येत नाही. दोन वर्षांत तीन गावांमधल्या दोनशे बारा बायकांच्या मुलाखती झाल्या. निकाह कसा झाला, नवऱ्याने कबूल केलेला मेहर हातात पडला का, तलाक कुणी दिला, खुला कुणी मागितला. खुला म्हणजे बायकोने स्वतः मागितलेला घटस्फोट. मुलाखती आपांनी घेतल्या. आपा पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांच्यासमोर माणूस खोटं बोलू शकत नाही. नावं त्यांच्या वहीत, वही त्यांच्या कपाटात. माझ्याकडे फक्त क्रमांक.

चहाच्या सुट्टीत आपांनी मला दंडाला धरून जिन्याखाली नेलं. त्यांच्या हातात अहवाल होता, पान चौदा उघडलेलं.

"हे कधी केलंस?"

तक्ता सात. उत्तरेकडच्या गावातल्या, खुला मागितलेल्या बायका, व्यवसायानुसार. आधीच्या मसुद्यात शेवटची ओळ 'इतर' होती आणि तिच्यात अकरा जणी होत्या. 'इतर' लिहिणं मला आळशीपणाचं वाटायचं. म्हणून मागच्याच आठवड्यात मी त्या अकरा जणींच्या सात ओळी केल्या होत्या.

"मागच्या आठवड्यात. अचूक व्हावं म्हणून," मी म्हणाले.

आपांनी पाचव्या ओळीवर नख ठेवलं. दातांच्या कवळ्या बनवणे: एक. पुढच्या रकान्यात, मुलीसह एकटी राहते: एक. त्यापुढे, नवऱ्याची संमती नाही: एक.

"त्या गावात कवळ्या बनवणाऱ्या बायका किती असतील गं?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"ती पोर रात्रीतून मुलीला उचलून त्या गावात आली होती," आपा म्हणाल्या. "कुठे गेली ते नवऱ्याला माहीत नाही. तो घरोघर शोधतोय. तिच्या आईच्या दारात जाऊन सांगून आलाय, पोरगी घेऊन जाणार आणि हिचे हात मोडणार. मी तिला शब्द दिला होता, तुझं नाव कुठेही येणार नाही."

"नाव आलेलं नाही, आपा."

"पत्ता दिलास, पोरी. नाव त्याला पाठ आहे." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि त्याचे वकील आत बसलेत. तिसऱ्या रांगेत. करड्या कोटाचे."

सुट्टी संपताच मी माइक हातात घेतला. पान एकतीसवर बेरीज चुकली आहे, प्रती परत द्याव्यात, दुपारी दुरुस्त प्रत मिळेल. लोक हसले. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आपांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं.

मी रांगारांगांतून फिरले. काझीसाहेब प्रत सोडेनात.

"सहा ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्यात मी. त्यांचं काय?"

"नव्या प्रतीत उतरवून देते."

"माझं अक्षर तुला लागेल? बायकोला लागत नाही. सामानाची यादी तीच लिहिते." हसत त्यांनी प्रत दिली.

बावीस. तिसऱ्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. वकीलसाहेब चहा घेऊनच कचेरीत गेले होते, अहवाल बरोबर घेऊन.

"जाऊ नकोस," आपा म्हणाल्या. "त्यांनी पान उघडलंही नसेल. तू मागायला गेलीस की कुणालाही वाटेल, यात काहीतरी आहे."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मला तेवीसपैकी तेवीस हव्या होत्या. मी 'इतर'ची ओळ पुन्हा जोडली, पान एकतीसवरचे दोन आकडे बदलले, छापून घेतलं आणि निघाले.

वकिलांच्या कचेरीत बाकावर तिघे पुरुष बसले होते. एकाच्या मांडीवर फाइल, एक फोनवर, एक नुसताच. तो नवरा मी कधी पाहिलेला नव्हता. त्याच्याबद्दल माझ्याकडे वय आणि शिक्षण होतं, चेहरा नव्हता. नुसता बसलेला सरकला.

"बसा ना, ताई."

मी बसले. त्याचे हात माझ्या शेजारीच होते. नखं स्वच्छ, बोटं लांब. मी अहवाल मांडीवर दाबून धरला. कारकुनाने हाक मारेपर्यंत नऊ मिनिटं गेली.

वकीलसाहेब भले गृहस्थ वाटले. उठून उभे राहिले, पाणी दिलं.

"एवढ्यासाठी पायपीट केलीत? फोन करायचा. कुठे आहे चूक?"

"पान एकतीस. बेरीज."

त्यांनी जुनी प्रत उघडली आणि ओठ हलवत आकडे मिळवले. कायदेवाल्यांना बेरीज येत होती.

"ही बरोबर आहे की! दोनशे बारा." मग नवी उघडली. "ही चुकलीये. एकशे नव्व्याण्णव होतात."

घाईत मी दोन आकडे बदलले होते आणि खालची बेरीज तशीच ठेवली होती.

"मग... तीच परत तपासावी लागेल," मी म्हणाले. "दोन्ही प्रती द्या ना मला."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं. एखादं माप जुळलं नाही की मला वाटतं तसंच.

"राहू देत माझ्याकडे. शेजारी शेजारी ठेवून बघतो काय काय बदललंय." दोन्ही प्रती त्यांनी खणात टाकल्या.

रस्त्यावर आल्यावर मी आपांना फोन केला. तीन वाजायला पाच मिनिटं होती. "तिला निघायला सांगा," मी म्हणाले. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी तिचा फोन जोडून दिला, कारण सांगायचं मीच, असं त्यांचं म्हणणं होतं.

ती कामावर होती. मागे कसलंसं चाक फिरत होतं. मी सगळं सांगितलं. चाक थांबलं.

"किती वेळ आहे माझ्याकडे?"

"माहीत नाही."

"तुम्ही तर सगळं मोजता ना? तुमच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, किती वेळा मारलं. मी आकडा सांगितला. आता तुम्ही सांगा."

आपा मध्ये पडल्या. "मुलीची शाळा चारला सुटते. तिला घे आणि थेट स्टेशनवर जा. सहा वीसची गाडी माझ्या बहिणीच्या गावाला जाते. ती उतरवून घेईल."

"आणि काम? एका आजोबांची कवळी उद्या बसवायचीये, आपा. महिनाभर पेज पितायत ते."

"मालकाला सांग. आता पिशवी भर."

सहा बावीसला तिचा आपांना फोन आला. गाडी वेळेवर सुटली होती. मुलगी खिडकीशी बसली होती आणि आपण कुठे चाललो म्हणून विचारत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपांच्या फोनवर कवळ्यांच्या दुकानाच्या मालकाचा आवाज आला. सकाळी दुकान उघडलं तेव्हाच, नऊ दहाला, एक माणूस आला होता. तिचं नाव घेऊन विचारत होता. शांत बोलला. हातात एका पानाची झेरॉक्स होती, एका ओळीखाली लाल रेघ मारलेली. इथे अशी कुणी नाही, असं मालकाने सांगितलं. मग त्या माणसाने आतल्या खोलीत जाऊन बाकं पाहिली आणि तो गेला.

मी वहीत गाडीची सहा वीस आणि दुकानाची नऊ दहा ही वेळ लिहिली आणि वजाबाकी केली. चौदा तास पन्नास मिनिटं.