मंदाबाईचे चार दिवस

बोदवड स्टेशनासमोर सुकदेवची खानावळ होती. तिथल्या भरिताचा वास सुटला की हिरवा सिग्नल असूनही मालगाडी थांबायची म्हणतात. यातलं निम्मं खोटं धरा. तरी गाडी जरा रेंगाळायची, एवढं खरं.

ती चव सुकदेवच्या बायकोच्या, मंदाबाईच्या हातची. महिन्यातले चार दिवस मात्र ती मागच्या ओसरीत पोतं टाकून बाजूला बसायची. तेव्हा चूल तिच्या सासूच्या, बेबाबाईच्या ताब्यात जाई आणि आम्ही गिऱ्हाइकं पाणी पिऊनच उठायचो. मंदाबाईला विसावा असा तेवढाच.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर सुकदेवनं तिला जळगावच्या दवाखान्यात नेलं. "पोटात गाठ हाये, काढून टाकू," म्हणाला. तिथं खाटेवर बसून त्यानं तिला स्वतःच्या हातानं शिरा भरवला. चाळिशीतली मंदाबाई ते गल्लीभर सांगत सुटली.

पौषात बोदवडचे लोक घोंगडीतून नाक बाहेर काढत नव्हते, तेव्हा मंदाबाईच्या छातीतून जाळ उठून डोक्यात शिरायचा. डोक्यावर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता! लुगडं घामानं चिंब, छाती धडधड, झोप नाही, उगाच रडू. दोन महिने पाळीही नाही.

"बाहेरची बाधा हाये," म्हणत बेबाबाईनं लिंबू उतरवलं.

"कामाचा कंटाळा, दुसरं काय!" सुकदेव म्हणाला.

शेवटी माहेरी जाते सांगून मंदाबाई एकटीच पॅसेंजरनं जळगावला गेली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जुना कागद काढला.

"गाठ? गाठ कुठली, बाई! तुमची पिशवी काढलीय, बीजकोशांसकट. आता पाळी येणार नाही. हे गरम होणं, घाम, सगळं त्याच्यामुळंच."

"पण काहून काढली?"

"मालकांनी सांगितलं ना, अंगावरून फार जातं म्हणून. सहीसुद्धा त्यांचीच आहे."

"मले तर काहीच तरास नव्हता, माय," मंदाबाई म्हणाली. "फक्त चार दिवस बसायची मी."

बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. गाडीत ती रडली नाही. फक्त त्या शिऱ्याचे घास किती होते, ते बोटांवर मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजार. पंगत भरलेली. मंदाबाईनं मागच्या ओसरीतलं पोतं आणून पुढच्या दारात, सगळ्यांच्या देखत टाकलं आणि त्यावर बसली.

"मी बाहेरची झाली. शिवू नका."

बेबाबाई ताडकन म्हणाली, "खोटारडे! तुले कसं व्हईन? तुह्य तर..." आणि जीभ चावली.

"माह्य तर काय, आत्याबाई? सांगा ना. आयकू द्या लोकायले."

पंगतीतले घास हातातच राहिले. सुकदेव खाली वाकून कुजबुजला, "मंदा, आत चाल. तमाशा नको."

"धरा मग हात. पण आधी सांगा पंगतीले, मी कायमची शुद्ध कशी झाली ते."

सुकदेवनं पंगतीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. पुढं आलेला हात मागं घेतला आणि तो चुलीपुढं जाऊन बसला. थोड्याच वेळात भाकर करपल्याचा वास थेट फलाटावर गेला.

तेवढ्यात मंदाबाईच्या अंगात पुन्हा जाळ उठला. पदरानं घाम पुसत ती आत पाहून म्हणाली, "शिरा लई गोड होता बरं का."

ते चार दिवस ती तिथून हलली नाही. पुढच्या महिन्यातही चार दिवस तिथंच पोतं टाकून बसली. आणि भरिताची आठवण काढणाऱ्या आम्हा गिऱ्हाइकांपैकी एकानंही तिला इतकी वर्षं, "बाई, तू जेवलीस का?" असं विचारलं नव्हतं.