दार उघडणारे थेंब

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर सूक्ष्मदर्शकातून एका आजींच्या गालातून खरवडलेल्या पेशी दिसत होत्या, फिक्या. मंचावरच्या पांढऱ्या कोटवाल्याने त्यांवर थेंब सोडला आणि पेशी बघता बघता निळ्या झाल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"पाहिलंत? पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, ही पेशीच्या दाराची किल्ली. हिच्यासोबत इन्सुलिन मनगटावर चोळा, थेट पेशीत जाईल. सुई कायमची बंद."

पुढच्या रांगेत माझा दादा, आणि त्याच्या खांद्यावर मान टाकलेली माझी मधुमेही भाची. कालपासून तिची इन्सुलिनची सुई बंद करून दादा, शहाणा कुठला, तिच्या मनगटावर हेच थेंब चोळत होता. "सकाळपासून ओकतेय, तरी तिला त्या पेशी निळ्या करणाऱ्याकडे नेलंय, हे ऐकत नाहीत," असा वहिनीचा फोन आला, तशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक बाटली उचलून धावले होते.

"दादा, आधी दवाखान्यात चल."

"सुरुवातीला शरीर घाण बाहेर टाकतं, हे मंचावरचे डॉक्टर म्हणालेत. तू गप्प बस."

माझं डोकंच फिरलं. मी तडक मंचावर चढले, आजींच्या उरलेल्या पेशींवर माझ्या बाटलीतला थेंब टाकला. पडदा तसाच निळा झाला.

"यात पेप्टाइड नाही, नुसता रंग आहे. शाळेतली पोरं प्रॅक्टिकलला हेच करतात. खरवडलेल्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात. मेलेल्या पेशीत रंग आपोआप शिरतो, तिला कसली किल्ली लागते?"

कोटवाला हसला. "मॅडम, यावर जगभर संशोधन चाललंय."

"चाललंय, म्हणून तर संताप येतो. अशी पेप्टाइडं आहेत, औषध आत नेतातही. पण पेशी त्यांना बहुधा आतल्या पिशवीत कोंडते. तिथून औषध सोडवायला माणसं आयुष्यं घालवतायत. आणि इन्सुलिनला पेशीत शिरायचंच नसतं. ते बाहेरून कडी वाजवतं, मग पेशी साखर आत घेते. एवढं ठाऊक नाही आणि लेकरांच्या सुया बंद करता?"

"मग जिवंत पेशी दाखवा की," मागून कुणीतरी म्हणालं. कोटवाला माइकची वायर गुंडाळू लागला.

दादाने पोरीला उचललं. दवाखान्यात सलाइन लागलं, इन्सुलिन लागलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिला टोचताना बघवत नव्हतं गं," दादा पुटपुटला. मला त्याची चीड आली आणि रडूही आलं.

म्हणून सांगते, चमत्कार दाखवणाऱ्याला एकच म्हणा: तुझं औषध न घालता हेच करून दाखव. तो टाळू लागला, की घरी जा आणि लेकराला सुई टोचा.