मागच्या सीटखालचा सूर

मागच्या सीटखालून मी बोलतोय. तुम्ही मला पाहिलेलं नसणार. शाळेच्या पिवळ्या व्हॅनखाली वाकून बघितलंत, तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक काळा लोखंडी गोळा दिसेल. तो मी, डिफरन्शियल. इंजिनची ताकद माझ्या दातांमधून चाकांपर्यंत पोहोचते. वळणावर एका चाकाला हळू आणि दुसऱ्याला भरभर फिरावं लागतं, ते मीच जुळवून घेतो.

या व्हॅनचे मालक धर्माजी पेणकरपाड्यात राहायचे आणि शांती नगरमधल्या मुलांना शाळेत सोडायचे. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी जमिनीवर पोतं अंथरून ते माझ्याखाली शिरायचे. मला दोन बोल्ट आहेत, एक वर आणि एक खाली. ते आधी वरचाच सैल करून बघायचे. जुनं तेल खालून काढून टाकलं आणि मग वरचा बोल्ट निघालाच नाही, तर नवं भरणार कुठून? मग वरच्या भोकातून ओघळ येईपर्यंत नव्वद नंबरचं दाट तेल भरायचे. हे सगळं करताना ते गुणगुणायचे. त्याला शब्द नसायचे, नुसता एक लांब सूर. गाडी चालवतानाही तोच.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि ते गेले. त्यांच्या पत्नी मंदाकाकूंनी चार महिन्यांत गाडी शिकून व्हॅन पुन्हा सुरू केली. मुलांना चढवायला-उतरवायला शेजारच्या सुलूताई सोबत येऊ लागल्या.

काकूंनी गाडीची कधी हेळसांड केली नाही. गॅरेजमध्ये जाऊन त्या न चुकता सांगायच्या, ऑइल बदला. पण बदललं जायचं ते इंजिनचं. माझं तेल वेगळं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. इंजिनला तेल बघायची पट्टी असते, मला तीही नाही.

माझ्या तोंडाशी रबराचं सील असतं, ते चिरलं. रोज दोन-चार थेंब गळू लागले. तेल उतरलं, तसे माझे दात एकमेकांवर कोरडे घासू लागले. गाडी चाळीसच्या पुढे गेली की माझ्यातून आवाज निघायचा. लांब, शब्द नसलेला.

तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा काकूंनी रेडिओ बंद केला. काचा वर केल्या. पुढे तर रस्ता मोकळा दिसला की त्या मुद्दाम वेग वाढवायच्या. मुलांनाही कळलं. गाडीत काका आहेत, असं मोठी मुलं लहानांना सांगू लागली. काटा चाळीसवर आला की अकरा मुलं एकदम गप्प व्हायची.

मला भीती वाटू लागली. माझा एखादा दात तुटून मध्ये अडकला, तर मागची दोन्ही चाकं जागीच थांबतील, आणि वर ही मुलं. मी ओरडून सांगत होतो. पण माझ्याजवळ आवाज तो एकच. मी जितका जास्त ओरडायचो, तितकं काकूंना बरं वाटायचं.

एका दुपारी मुलांना सोडून परत येताना सुलूताई म्हणाल्या, "मंदा, तुझी गाडी मागून रडतेय गं."

"रडत नाहीये. हे असेच गुणगुणायचे."

"माहितीये मला. भिंतीला भिंत आहे आपली, वीस वर्षं ऐकलंय. पण गाडीचा दरवाजा जरा कुरकुरला तरी जेवण टाकून खाली पळणारा माणूस तो. त्याने हा आवाज एक दिवस तरी चालू दिला असता का?"

काकूंनी वेग कमी केला. गाडी घराकडे न वळता हळूहळू काशीगावच्या गॅरेजकडे निघाली.

दिपेश मेकॅनिकने वरचा बोल्ट काढून आत बोट घातलं. ते कोरडंच बाहेर आलं.

"गेल्या महिन्यात तर ऑइल बदललंय," काकू म्हणाल्या.

"ते इंजिनचं, काकू. याचं अलग असतं."

खालच्या बोल्टमधून चमचाभर काळा चिखल पडला. त्यात चंदेरी कण चमकत होते. काकूंनी तो दोन बोटांत चोळून पाहिला. दिपेश म्हणाला, "दात झिजलेत. तुम्ही जे ऐकत होतात ना, ते हे."

त्याने नवीन सील बसवलं आणि तेलाचा डबा उचलला. काकूंनी विचारलं, "आवाज जाईल?"

"जाईल. अजून आठवडा गेला असता तर गाडीच गेली असती."

त्यांनी बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाल्या, "भर."

ओघळ येईपर्यंत त्याने भरलं. घरी जाताना काकूंनी काचा वर केल्या आणि काटा चाळीसवर नेला. मी गप्प होतो. त्यांनी वेग कमी केला, पुन्हा चाळीसवर नेला. मी तरीही गप्प होतो. सुलूताई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुलं चाळीसची वाट बघत बसली. काटा तिथे आला आणि पुढे गेला. शेवटी छोट्या सलोनीने विचारलं, "काकू, काका कुठे गेले?"

काकूंनी आरशातून मागे पाहिलं.

"उतरले गं. त्यांचा स्टॉप आला."

काकू, तो सूर मी चोरला नव्हता. मी फक्त तेल मागत होतो. आणि तुम्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. मागच्या सीटखालून कोणी गुणगुणत असेल, तर ते कोण आहे हे ओळखत बसू नका. आधी वरचा बोल्ट उघडा.