निम्मी आवडलेली कादंबरी

मित्रांनो, वाचनालयाच्या टेबलाखाली सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात मधोमध दबलेली जुनी कादंबरी मीच. 'मनाचा थरकाप उडवणारी रहस्यकथा' असं माझ्या पाठीवर छापलं आहे. छापणाऱ्यांचं काय जातं!

एका लहानशा छापखान्यात माझी पानं शिवली, कडा कापल्या आणि मला इथे आणलं. ग्रंथपालांनी खाकी कव्हर घातलं, शिक्का मारला, नंबर दिला. पहिली दोन-तीन वर्षं मला फळीवर पाठ टेकायला मिळाली नाही. माझ्यापायी कुणाचं दूध उतू गेलं, कुणाचा बसथांबा मागे राहिला. तेव्हा मी जरा हवेतच होते, खोटं कशाला बोलू? मग माझं रहस्य सगळ्यांना कळलं आणि मला कुणी विचारेना.

माझी गोष्ट एका बाईची आहे. तिच्या आजूबाजूला एकामागून एक खून होतात. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती सात-सात वेळा स्वयंपाकघरात जाते. आपलं डोकं फिरलंय की कुणी मुद्दाम फिरवतंय, हे तिला उमगत नाही. शेवटच्या वीस पानांत उघड होतं की सगळे खून तिनेच केले, वेडाच्या भरात.

यंदा तीन वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं रद्दीत काढायचं ठरलं. ग्रंथपालांना मात्र मला टाकवेना. त्यांनी मला एका निवृत्त नर्सबाईंच्या हाती दिलं. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मानसिक रुग्णांच्या वॉर्डात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"तुम्ही वाचा. ठेवा म्हणालात तर ठेवतो," ग्रंथपाल म्हणाले.

सिस्टरांच्या घरी त्यांची धाकटी बहीण होती. आजारपणात तिची नोकरी सुटली होती, बोलणंही आटलं होतं. एका दुपारी ती शेंगा सोलत असताना सिस्टरांनी तिला माझं गॅसचं प्रकरण वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"ताई, हे माझंच आहे गं. लिहिणाऱ्याला कसं कळलं?"

इतक्या हातांतून गेले, पण असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मला फार फार बरं वाटलं. मग रोज दुपारी ती आपणहून येऊन बसू लागली.

एके दिवशी सिस्टरांनी एकट्याने माझा शेवट वाचला आणि मला मिटून मांडीवर ठेवलं. धाकटीने पुढचं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "पुढे ती बरी होते." तसं माझ्यात कुठेच लिहिलेलं नाही.

"मग मला दे ना. मीच वाचते," धाकटी म्हणाली. कित्येक वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टरांनी मला पिशवीत घालून वाचनालय गाठलं.

"निम्मी कादंबरी अगदी सोन्यासारखी आहे," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या. "माझ्या बहिणीला तर वेड लावलंय. पण शेवटी पार माती केली. अहो, आजारी माणूस म्हणजे काय खुनी? माझे पेशंट दाराची कडी वाजली तरी दचकायचे."

"मग ठेवू की काढू?"

"ते माझ्याने सांगवत नाही."

"मग कायमची घरी घेऊन जा. बहिणीला आवडलीय ना?"

"तिच्यासाठीच तर परत आणली. हा शेवट वाचला तर ती स्वतःलाच घाबरेल."

"शेवटची पानं फाडून द्या."

"फाडलेलं दिसतंच हो. तिथे काय असेल ते ती मनानेच रचेल. ते याहून वाईट असेल."

ग्रंथपालांनी यादी पुढे ओढली. त्यांच्या यादीत दोनच रकाने होते. माझा नंबर 'काढणे' या रकान्यात गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे गोष्टी लिहाल. आजारी माणसाला शेवटी खुनी ठरवून मोकळे होऊ नका. ज्याला तुमचं पुस्तक सगळ्यांत जास्त हवं असेल, त्यालाच ते देता येणार नाही. मला आता काही बदलता येत नाही.

काल धाकटी एकटीच वाचनालयात आली. घराबाहेर पडताना तिला किती बळ गोळा करावं लागलं असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. तिने माझं नाव घेतलं.

"ती रद्दीत गेली," ग्रंथपाल तिच्याकडे न बघता म्हणाले.

मी तिच्या पावलांपासून हातभर अंतरावर होते. मला हाक मारता येत नाही. मारता आली असती, तरी मी मारली नसती.